गव्हाची ओंबी आणि दिनमानाचे गणित

प्रतिनिधी, अकोला

वऱ्हाडात गव्हाची पेरणी म्हणजे बहुतेक वेळा उरलेल्या वेळेत उरकायचे काम असते. सोयाबीनची मळणी लांबते, पऱ्हाटीला आणखी एक वेचा मिळेल या आशेने ती शेतात उभी राहते, विहिरीवरच्या मोटारीला वीज कधी मिळेल याचा नेम नसतो. या साऱ्यांतून वाट काढत शेतकरी नोव्हेंबरच्या अखेरीस वा डिसेंबरात गहू पेरतो. पीक हिरवेगार येते, फुटवेही बरे दिसतात. पण फेब्रुवारीअखेर ओंबीतले दाणे भरण्याऐवजी सुरकुततात आणि सोंगणीनंतर पोती कमी भरतात. मग दोष बियाण्याला दिला जातो, कधी खताला, कधी पाण्याला. प्रत्यक्षात अनेकदा चूक झालेली असते ती तारखेची. गव्हाला ओंबी कोणत्या दिवशी येते, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. ही तारीख ठरते ती दिवसाची लांबी, थंडी व उष्णता आणि वाणाचा आनुवंशिक स्वभाव या तीन गोष्टींवरून. यांपैकी पहिली गोष्ट, म्हणजे दिनमान, आपल्याकडे पंचांगात रोज छापली जाते. पण शेतीच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

दिनमान म्हणजे काय?

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ म्हणजे दिनमान. विषुववृत्तावर ते वर्षभर जवळपास सारखेच असते. जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा उन्हाळ्या-हिवाळ्यातील दिवसांचा फरक वाढत जातो. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे साधारणतः २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. येथे २१-२२ डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५२ मिनिटांचा, तर २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २४ मिनिटांचा असतो. जुन्या मापात सांगायचे तर २७ घटिकांपासून साडेतेहतीस घटिकांपर्यंत. पंजाबातील लुधियानात हेच आकडे सुमारे १० तास ८ मिनिटे आणि १४ तास ८ मिनिटे असे आहेत. लंडनमध्ये तर हिवाळ्यातला दिवस आठ तासांपेक्षाही लहान आणि जूनमधला साडेसोळा तासांहून मोठा असतो.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपल्याकडे म्हणतात. खगोलशास्त्राच्या हिशेबाने ही वाढ २२ डिसेंबरनंतरच सुरू होते. परंतु तिळाची उपमा मात्र अचूक आहे. वऱ्हाडात संक्रांतीपर्यंत दिवस जेमतेम सात-आठ मिनिटांनी वाढलेला असतो. १५ नोव्हेंबरला दिनमान सुमारे ११ तास ९ मिनिटे असते, १५ फेब्रुवारीला सुमारे साडेअकरा तास. म्हणजेच वऱ्हाडातला गहू उगवणीपासून दाणे भरेपर्यंतचे जवळजवळ सारे आयुष्य साडेअकरा तासांच्या आतल्या दिवसांतच काढतो. पुढील सारे विवेचन समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

तंबाखूने उलगडलेले कोडे

वनस्पती दिवसाची लांबी मोजतात, हे मानवाला समजून शंभर वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे तंबाखूच्या 'मेरीलँड मॅमथ' या वाणाने एक कोडे टाकले होते. हे झाड उन्हाळ्यात शेतात उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. तेच हिवाळ्यात काचगृहात ठेवले की लहान असतानाच फुलावर येई. तापमान, ओलावा, खत अशा सर्व शक्यता तपासून झाल्यावर त्यांनी ऐन उन्हाळ्यात काही कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोपट्यात नेऊन ठेवण्यास आरंभ केला. दिवस कृत्रिमरीत्या लहान होताच झाडे फुलली. १९२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि दिनमानाला मिळणाऱ्या या प्रतिसादाला दीप्तिकालिता हे शास्त्रीय नाव मिळाले.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी काटेरी फळांच्या एका तणावर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक उलगडा झाला. वनस्पती खरे तर दिवस नव्हे, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटांपुरता जरी उजेड पाडला, तरी तिचा हिशेब चुकतो. रस्त्याच्या दिव्याखाली आलेल्या सोयाबीनची काही झाडे उर्वरित शेत पिवळे पडले तरी हिरवीच राहतात, ती याच कारणाने. उजेडाची ही नोंद पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य ठेवते.

दिनमानाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वनस्पतींचे ढोबळमानाने तीन वर्ग केले जातात. दिवस लहान होऊ लागले की फुलणाऱ्या त्या अल्पदिनी. दिवस मोठे होऊ लागले की फुलणाऱ्या त्या दीर्घदिनी. आणि दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणाऱ्या त्या उदासीन. सोयाबीन, तूर, शेवंती ही अल्पदिनी पिके होत. गहू मुळात दीर्घदिनी आहे.

वऱ्हाडच्या शेतातील ओळखीची उदाहरणे

हा फरक वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नावाने नसला तरी अनुभवाने ठाऊक आहे. मृग बरसला आणि जूनमध्येच तूर पेरली, की ती माणसाच्या डोक्यावर जाते. पाऊस लांबून जुलैअखेर पेरली, तर खुजी राहते. परंतु पेरणीत महिन्याचे अंतर असले, तरी दोन्ही शेतांतील फुलोऱ्यात तेवढे अंतर पडत नाही. कारण दिवस लहान होण्याचा इशारा दोघींनाही एकाच वेळी मिळतो. सोयाबीनचेही तसेच. उशिरा पेरलेले सोयाबीन पुरेशी वाढ होण्याआधीच फुलावर येते आणि उत्पादनात मार खाते.

ज्वारीची कथा अधिक बोलकी आहे. वऱ्हाडातील जुन्या उंच देशी ज्वारीची कणसे पाऊस सरता सरता निसवत असत, कारण ती दिनमानाला बांधलेली होती. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. संकरित ज्वारी बुटकी आणि लवकर येणारी होती, उत्पादनही भरघोस होते. परंतु तिचे दाणे परतीच्या पावसात सापडू लागले आणि बुरशीने काळे पडू लागले. दिनमानाशी असलेले नाते सैल झाले की पीक लवकर येते हे खरे. पण ते कोणत्या हवामानात येऊन पडेल याची काळजी मग पिकाऐवजी शेतकऱ्याला वाहावी लागते. गव्हाच्या बाबतीतही नेमके हेच घडले आहे.

दीर्घदिनी गहू लहान दिवसांत कसा फुलतो?

येथे कोणाही चिकित्सक वाचकाला प्रश्न पडेल. गहू जर मोठ्या दिवसात फुलणारा, तर अकरा तासांच्या दिवसात वऱ्हाडात त्याला ओंबी येते तरी कशी?

युरोपातील पारंपरिक हिवाळी गहू ऑक्टोबरात पेरला जातो, बर्फाखाली थंडी सोसतो आणि पंधरा-सोळा तासांच्या दिवसात, म्हणजे जूनच्या सुमारास फुलतो. त्याला दोन कुलपे असतात. पहिले थंडीचे: काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याखेरीज तो फुलण्यास सिद्धच होत नाही. यास शीतसंस्कार म्हणता येईल. दुसरे कुलूप दिनमानाचे. असा गहू अकोल्याच्या शेतात पेरला, तर त्याला ना पुरेशी थंडी मिळेल, ना मोठे दिवस. तो गवतासारखा फुटवे फोडत राहील आणि ओंबीचे नाव घेणार नाही. भारतात पिकणारा गहू 'वसंती' प्रकारचा आहे. त्याचे थंडीचे कुलूप पूर्वीच बहुतांशी उघडलेले आहे. दिनमानाच्या कुलपाची किल्ली आहे ती पीपीडी-१ या जनुकात.

गव्हात गुणसूत्रांचे अ, ब आणि ड असे तीन संच असतात. पैकी ड संचातील दुसऱ्या गुणसूत्रावरील पीपीडी-डी१ हे जनुक सर्वांत प्रभावी मानले जाते. दिवस मोठे झाले, की हे जनुक पानांत फुलोऱ्याचा संदेश देणारे प्रथिन तयार करवते. ते शेंड्यापर्यंत पोहोचते आणि शेंडा पाने घडवण्याचे थांबवून ओंबीची मांडणी सुरू करतो. कांडी धरण्यापूर्वीच, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, हा निर्णय झालेला असतो. दिनमानाला उदासीन असलेल्या गव्हात याच जनुकाच्या नियंत्रक भागातील सुमारे दोन हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असल्याचे २००७ मध्ये स्पष्ट झाले. तो तुकडा म्हणजे जणू जनुकावरचा पहारेकरी. पहारेकरीच नसल्याने जनुक लहान दिवसांतही जागे राहते आणि फुलोऱ्याचा संदेश वेळेवर जातो.

जपान, इटली, मेक्सिको आणि भारत

हा गळालेला तुकडा जगभर पसरण्याचा इतिहास रंजक आहे. इटलीतील नाझारेनो स्त्रांपेल्ली या पैदासकाराने १९१३ मध्ये 'अकाकोमुगी' या जपानी गव्हाचा संकर केला. त्याला लवकर येणारा, बुटका गहू हवा होता. दाणे भरताना लागणाऱ्या उन्हाच्या झळा आणि तांबेरा या दोन्हींतून पीक सुटावे, हा हेतू. त्यातून निघालेल्या वाणांनी इटलीतील गव्हाचे चित्र बदलले आणि दिनमानाविषयीची उदासीनता पुढच्या अनेक वाणांत उतरली. स्त्रांपेल्लीचा 'मेंटाना' हा वाण पुढे मेक्सिकोतील संकरांत वापरला गेला.

मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी १९४५ पासून एक वेगळीच पद्धत अवलंबली. एक पिढी हिवाळ्यात उत्तरेकडे, सुमारे २७ अंश अक्षांशावरील सोनोराच्या सखल बागायती खोऱ्यात, तर दुसरी उन्हाळ्यात दक्षिणेकडे, १९ अंशांवरील टोलुकासारख्या अडीच हजार मीटरहून उंच पठारावर. वर्षातून दोन पिढ्या घेऊन वेळ वाचवावा, एवढाच मूळ विचार. परंतु दोन्ही ठिकाणच्या दिनमानात मोठा फरक असल्याने, दिवसाच्या लांबीवर अडून बसणारी झाडे आपोआप गळत गेली आणि कोठेही वेळेवर फुलणारी तेवढी उरली. मेक्सिकोचा गहू हजारो मैलांवरच्या भारतात रुजू शकला, त्यामागे बुटकेपणाइतकाच या गुणाचाही वाटा आहे. लेर्मा रोहो आणि सोनोरा-६४ या वाणांचे सुमारे १८ हजार टन बियाणे १९६६ मध्ये भारताने आयात केले. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण देशभर पोहोचले. आज भारतातील बहुतेक सरबती वाणांत पीपीडी-डी१ चे हे उदासीन रूप आढळते.

मग पंजाब आणि वऱ्हाड यांत फरक कशाचा?

बहुतेक वाण दिनमानाला उदासीन असतील, तर कोणताही वाण कोठेही पेरावा, असे वाटणे साहजिक आहे. तसे नाही. एक तर ही उदासीनता संपूर्ण नसते. अ आणि ब संचांतील जनुकांमुळे वाणावाणांत काही दिवसांचा फरक राहतोच. दुसरे म्हणजे, दिनमानाचे कुलूप उघडल्यावर सूत्रे तापमानाच्या हाती जातात.

गव्हाचे झाड उष्णतेची बेरीज करते, असे समजावे. दिवस-रात्रीच्या सरासरी तापमानातून सुमारे पाच अंश वजा केले, की त्या दिवशीची कमाई मिळते. उदाहरणादाखल एखाद्या वाणाला ओंबीसाठी ९६० एकक लागतात असे धरू. अकोल्यात हिवाळ्यात सरासरी तापमान २१ अंशांच्या आसपास असते. रोजची कमाई १६ एकक आणि ६० दिवसांत ओंबी. लुधियानात नोव्हेंबरात १९ अंश असलेली सरासरी जानेवारीत १२-१३ अंशांवर उतरते. तेथे तेवढीच बेरीज भरण्यास ९५ ते १०० दिवस लागतात. वाण तोच, बेरीज तीच. दिवस मात्र दीडपटीहून अधिक. चिखलदऱ्याचे उदाहरण याहून जवळचे आहे. अमरावतीच्या आणि चिखलदऱ्याच्या दिनमानात काही फरक नाही. पण सुमारे हजार-अकराशे मीटर उंचीवरच्या थंडीमुळे ही बेरीज तेथे अधिक दिवसांनी पूर्ण होते.

उत्तरेकडील पैदासकार लांब व थंड हिवाळ्याचा लाभ उठवण्यासाठी ही बेरीज मोठी असणारे, सुमारे १४० दिवसांत तयार होणारे वाण निवडतात. एचडी-२९६७ हा २०११ मध्ये उत्तर-पश्चिम मैदानी प्रदेशासाठी अधिसूचित झालेला वाण त्यांपैकीच. वऱ्हाडचा हिवाळा तेवढा लांब नाही. येथे साधारण १०० ते ११५ दिवसांत काम आटोपणारा गहूच उपयोगाचा. नातेवाइकाने आणले, कोणी भरघोस ओंब्यांचे छायाचित्र दाखवले, म्हणून परप्रांतीय दीर्घ मुदतीचे बियाणे पेरणे म्हणजे ओंबी उन्हात नेऊन ठेवणे होय.

उन्हाची झळ आणि दाण्याचे वजन

ओंबीवर परागसिंचनाच्या वेळी पारा ३० अंशांच्या वर राहिला, तर दाणे धरण्यावरच परिणाम होतो. दाणे भरण्यासाठी सरासरी १५ ते २० अंशांची हवा उत्तम. त्यावर प्रत्येक अंशागणिक दाणे भरण्याचा काळ सुमारे तीन दिवसांनी आखडतो. पीक लवकर 'पिकते', पण ते पिकणे नव्हे, होरपळणे असते. वऱ्हाडात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचे तापमान ३५ अंशांकडे सरकू लागते. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पाठोपाठ २०२३ च्या फेब्रुवारीने तोवरच्या फेब्रुवारींतील उष्णतेचा उच्चांक मोडला. हिवाळा मागून-पुढून आखडत चालला आहे. दिनमान मात्र तसूभरही बदललेले नाही.

आता पेरणीची तारीख घेऊन हिशेब करावा. १० नोव्हेंबरला पेरलेला गहू १० जानेवारीच्या सुमारास ओंबीवर येतो आणि ऐन थंडीत दाणे भरतो. १५ डिसेंबरला पेरलेल्या गव्हाला ओंबी येते फेब्रुवारीच्या मध्यास, आणि त्याचे दाणे भरायचे ते मार्चच्या उन्हात. दुसरीकडे, ऑक्टोबरच्या उष्म्यात घाईने पेरलेला बागायती गहू बेरीज भराभर पूर्ण करतो. फुटवे कमी, ओंबी लहान. दिनमानाशी बांधलेले पीक असते, तर त्याने स्वतःच वाट पाहिली असती. हा गहू वाट पाहत नाही.

शिफारशींमागील कारण

अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तेथील वाणांची विभागणी याच गणितावर आधारलेली दिसते. एकेएडब्ल्यू-३७२२ (विमल) हा वेळेवरच्या बागायती पेरणीसाठी. एकेडब्ल्यू-३८१ आणि एकेएडब्ल्यू-१०७१ (पूर्णा) हे उशिराच्या बागायतीसाठी. तर एकेडीडब्ल्यू-२९९७-१६ (शरद) हा बन्सी गहू जिरायतासाठी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही आणि जमिनीतील ओलीवरच भिस्त असते, तेथे ओल संपण्यापूर्वी ओंबी भरणे हाच कळीचा मुद्दा ठरतो.

जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वेळेवरचा बागायती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि उशिराचा १५ डिसेंबरपर्यंत पेरावा, अशी राज्यातील सर्वसाधारण शिफारस आहे. उशिरा पेरताना बियाणे हेक्टरी १०० किलोऐवजी १२५ ते १५० किलो वापरावे आणि दोन ओळींतील अंतर साडेबावीस सेंटिमीटरऐवजी १८ सेंटिमीटर ठेवावे, असे सांगितले जाते, त्याचेही कारण हेच. उशिराच्या पिकाला फुटवे फोडण्यास वेळ मिळत नाही. ती तूट रोपांच्या संख्येने भरून काढायची. मुकुटमुळे फुटताना म्हणजे १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ दिवसांनी आणि दाणे चिकात असताना ८० ते ८५ दिवसांनी पाणी द्यावे, हे वेळापत्रकही वेळेवरच्या पिकाचे आहे. उशिराच्या पिकात या अवस्था आधी येतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे पाहून पाणी देणे श्रेयस्कर.

दिनमानाचा नवा उपयोग

ज्या दिनमानाचे बंधन पैदासकारांनी सोडवले, तेच आता त्यांच्या हातातील साधन झाले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने विकसित झालेल्या आणि २०१८ मध्ये तपशीलवार प्रसिद्ध झालेल्या 'जलद पैदास' पद्धतीत गव्हाला दिव्यांखाली रोज २२ तास उजेड दिला जातो. मोठा दिवस मिळाला, की दीर्घदिनी गहू घाईने फुलतो; वर्षात सहा पिढ्यांपर्यंत मजल जाते. नवा वाण तयार होण्यास लागणारी दहा-बारा वर्षे त्यामुळे कमी होऊ शकतात. उष्णता सोसणारे वाण लवकर हवे असताना ही बचत मोलाची आहे.

शेतकऱ्याच्या हाती काय?

राज्य बियाणे महामंडळ असो वा कृषी केंद्र, बियाण्याची पिशवी घेताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हा वाण महाराष्ट्रासाठी शिफारस केलेला आहे काय, आणि तो वेळेवरच्या पेरणीचा की उशिराच्या? फरदडीचा मोह किती दिवस धरायचा, याचा निर्णयही गव्हाची तारीख समोर ठेवून करावा. शेवटच्या वेच्यातून हाती येणारे चार पैसे ओंबीतून वजा होत असतील, तर तो सौदा तोट्याचा. डिसेंबरचा मध्य उलटून गेला असेल, तर गव्हाचा हट्ट सोडून अन्य पिकाचा विचार करणे शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. पेरणीचा दिवस, शेतातील निम्म्या ओंब्या बाहेर पडल्याचा दिवस आणि सोंगणीचा दिवस या तीन तारखा दरवर्षी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात आणि शेजारी एकरी किती पोती झाली ते नोंदवावे. चार-पाच हिवाळ्यांच्या अशा नोंदी साठल्या, म्हणजे आपल्या शेतात कोणत्या वाणाची ओंबी कधी येते आणि कोणत्या तारखेनंतर दाणा हलका होत जातो, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.